जिंकूनही हरलेले दादासाहेब

श्रोतेहो, पंढरपूरजवळचे कासेगाव आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. १७७४ च्या मार्चमध्ये तेथे राघोबादादांनी त्र्यंबकरावमामा पेठ्यांचा पराभव केला. लढाई जिंकली खरी. पण पेशवाई पचली का? छे! महिन्याभरातच पुरंदरावर मृत नारायणरावांना पुत्र झाला आणि दादांच्या हक्काची वाटच बंद झाली.

याचे मूळ आहे ३० ऑगस्ट १७७३ च्या दिवशी, शनिवारवाड्यात. पुतण्याला ‘धरावे’ या हुकमातल्या ‘ध’चा आनंदीबाईंनी ‘मा’ केला, अशी कथा सांगतात. गारद्यांनी नारायणरावांना ठार केले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ (१९०९) हे नाटक याच खुनावर उभे आहे.

शेक्सपिअरच्या मॅकबेथला त्याचे स्वतःचेच मन छळते. इथे मात्र ती मनाची टोचणी रामशास्त्र्यांच्या रूपाने समोर येते आणि देहान्त प्रायश्चित्त सांगते. गारदी पैशाने मिळतात हो! पण खून पचवायला ‘योग्यच केलेत’ म्हणणारा न्यायाधीशही लागतो. तो दादांना मिळाला नाही. नाटक पाहाल तेव्हा तलवारीकडे नव्हे, शास्त्रीबोवांकडे लक्ष ठेवा.