वाट सांगणारं घड्याळ

पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूससुद्धा दिसेनासा होतो. पठारावर पायवाटा तर ढीगभर! त्यातली मंदिराकडे जाणारी कुठली आणि नुसती ढोरवाट कुठली, हे पायथ्याच्या पाचनई गावातल्या वाटाड्याला बरोबर ठाऊक असतं. आपल्याला नसतं. आणि याच पठाराच्या पश्चिमेला आहे कोकणकडा, थेट खाली कोकणात कोसळणारा. तिथे ‘साधारण इकडेच असेल’ असं म्हणून पुढे जायचं नसतं.

अशा वेळी काही ट्रेकर सॅकच्या पट्ट्याला अडकवलेलं एक यंत्र हातात घेतात. मुठीत मावणारं, जाडसर, पावसात भिजलं तरी न बिघडणारं. हे हातातलं जीपीएस. मोबाइलला रेंज नसली तरी याचं काही अडत नाही, कारण जागा शोधण्यासाठी ते कुणालाच काही पाठवत नाही. ते फक्त ऐकतं. जमिनीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून अमेरिकेचे तीसएक जीपीएस उपग्रह दिवसाला दोन फेऱ्या मारत असतात. त्यांचं बोलणं हे यंत्र ऐकतं. तुम्ही ऐकताय, हे त्या उपग्रहांच्या गावीही नसतं.

ते बोलतात तरी काय? मुख्य निरोप एवढाच: मी अमुक उपग्रह, मी आत्ता इथे आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजलेत.

बस्स, एवढ्यावरून तुमची जागा कळते! मला तर यातली हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते. शोधायची असते जागा आणि मोजायची असते वेळ.

वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत तुम्ही कधी सेकंद मोजलेत का? तीन सेकंद लागले तर वीज साधारण एक किलोमीटरवर चमकलेली असते. इथेही तेच, फक्त आवाजाऐवजी रेडिओलहरी आहेत. त्या धावतात प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला जवळजवळ 3 लाख किलोमीटर. म्हणजे अगदी डोक्यावर असलेल्या उपग्रहाचा निरोप तुमच्या तळहातापर्यंत यायला सेकंदाचा जेमतेम पंधरावा भाग लागतो.

एका उपग्रहाचं अंतर कळलं, की त्याच्याभोवती मनातल्या मनात एक अवाढव्य गोल काढा. तुम्ही त्या गोलावर कुठेतरी आहात. दुसऱ्या उपग्रहाचा गोल पहिल्याला छेदतो, तेव्हा एक वर्तुळ उरतं. तिसऱ्यामुळे उरतात दोनच बिंदू. त्यातला एक लांब अंतराळात असतो आणि तिथे काही तुम्ही ट्रेकला गेलेले नसता!

मग यंत्र चौथा उपग्रह कशाला शोधतं? घड्याळासाठी. उपग्रहांवर असतात अणुघड्याळं, अतिशय काटेकोर. तुमच्या यंत्रात मात्र साधं क्वार्ट्झचं घड्याळ असतं. सेकंदाचा दहा लाखावा भाग, म्हणजे एक मायक्रोसेकंद चुकला, तरी अंतर 300 मीटरने चुकतं. कोकणकड्याच्या आसपास 300 मीटर म्हणजे केवढी गफलत, विचार करा. चौथ्या उपग्रहाचा निरोप मिळाला, की यंत्र गणित सोडवून आपल्याच घड्याळाची चूक शोधून काढतं.

आईनस्टाईनचाही इथे हात आहे. त्याच्या सापेक्षता सिद्धान्ताप्रमाणे उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे जातात. तेवढ्या वेळात प्रकाश 11 किलोमीटरहून जास्त अंतर कापतो. म्हणून ती घड्याळं आकाशात पाठवण्याआधीच किंचित हळू चालतील अशी लावून ठेवतात.

घड्याळ बिघडलं तर काय होतं, हे आपण भारतात पाहिलं आहे. ‘नाविक’ ही आपली स्वतःची दिशादर्शक यंत्रणा. तिचा पहिला उपग्रह इस्रोने 1 जुलै 2013 रोजी श्रीहरिकोटाहून सोडला. काही वर्षांत त्याच्यावरची तिन्ही अणुघड्याळं बंद पडली. उपग्रह आपल्या कक्षेत ठणठणीत होता, पण जागा सांगण्याच्या कामाचा उरला नाही.

आता जागा कळली, म्हणजे काय कळलं? अक्षांश आणि रेखांश, दोन आकडे. पुढच्या पावलावर गवत आहे की दरी, हे त्या आकड्यांत कुठेच लिहिलेलं नसतं. ते सांगतो यंत्राच्या पोटात साठवलेला नकाशा. त्यावरच्या वळणावळणाच्या बारीक रेषा म्हणजे समोच्च रेषा. एका रेषेवरची सगळी ठिकाणं सारख्या उंचीची. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 प्रमाणाच्या नकाशात डोंगराळ भागात साधारणपणे लगतच्या दोन रेषांमध्ये 20 मीटर उंचीचा फरक असतो. रेषा दूर दूर असतील तर मजेत चाला, पठार आहे. जवळ जवळ आल्या की दम लागणार. एकमेकींना चिकटून जाड पट्टा झाला असेल, तर तो कडा! रेषा चढाच्या बाजूला आत वळत गेल्या तर तिथे घळ किंवा नाळ असते, उताराकडे बाहेर आल्या तर डोंगराची सोंड. हे वाचायला एकदा जमलं की सपाट पडद्यावर सह्याद्री उभा राहतो, खरंच!

या उंच्या मोजल्या कुणी? पुष्कळ नकाशांसाठी अंतराळातून मोजल्या. फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर यानाने 11 दिवसांच्या सफरीत रडारने पृथ्वीवरची बहुतेक जमीन मोजून काढली. पायवाटा मात्र आकाशातून नीट दिसत नाहीत, झाडीखाली तर मुळीच नाहीत. त्यातल्या कित्येक वाटा यंत्र घेऊन चाललेल्या हौशी माणसांनी नोंदवलेल्या आहेत. गवत वाढून वाट बुजली, दरड कोसळली, तरी जुना नकाशा जुनीच वाट दाखवत राहतो. म्हणून वाटाड्याला विचारणं सोडायचं नाही.

यंत्रातल्या बाणापासूनही सावध राहा. ठिकाण निवडलं की तो सरळ रेषेत तिकडे बोट दाखवतो. मधे अख्खी दरी असली तरी त्याला फरक पडत नाही. नाळेत शिरलात तर आणखी एक भानगड होते. दोन्ही बाजूंच्या कातळांमुळे आकाशाची चिंचोळी पट्टी उरते, थोडेच उपग्रह दिसतात आणि त्यांचे निरोप कातळावर आपटून उशिरा पोहोचतात. उशीर म्हणजे जास्त अंतर, असं यंत्र समजतं आणि तुमची खूण इकडेतिकडे उड्या मारू लागते.

हे घरीही करून बघता येतं. मोठ्यांच्या मोबाइलवर अक्षांश-रेखांश दाखवणारं ॲप उघडा. अक्षांशाच्या चौथ्या दशांश स्थळी एकाचा फरक म्हणजे साधारण 11 मीटर आणि पाचव्या स्थळी साधारण 1.1 मीटर. मैदानात उत्तरेकडे चालत जा आणि कुठला अंक कधी बदलतो ते बघा. मग फोन एका जागी ठेवून दहा मिनिटं नुसते आकडे बघत बसा. फोन हललेला नसतो, तरी शेवटचे अंक हलत राहतात. किती मीटरचा फरक पडतो ते वहीत लिहा. नंतर हाच प्रयोग दोन उंच इमारतींच्या मधे उभं राहून करा आणि दोन्ही फरक शेजारी शेजारी मांडा.