स्वच्छतेला वास नसतो

श्रावण सरत आला की गोमंतकातील घराघरांत चतुर्थीच्या साफसफाईला वेग येतो. पावसाने काळवंडलेल्या भिंती, कुबट वासाची कपाटे, हिरवट पडलेली देवाची भांडी हे सारे आठवडाभरात उजळायचे असते. या घाईत ॲसिड, ब्लीच, फिनाईल आणि सुगंधी फवारे एकाच पिशवीतून घरी येतात. घर जितक्या उग्र वासाने भरेल, तितके ते अधिक स्वच्छ झाले, असा समज रूढ आहे. वास्तविक तो वास घाण गेल्याची खूण नसून रसायने हवेत मिसळल्याची खूण असते. तीच हवा घरातील लहान मुले, वृद्ध आणि दम्याचे रुग्ण श्वासावाटे घेत असतात.

स्वच्छ करणे आणि निर्जंतुक करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे, तर दुसरे तेलाकडे ओढले जाते. त्यामुळे तेलकट मळ सुटून पाण्याबरोबर वाहून जातो आणि त्याला चिकटलेले बहुतांश जंतूही जातात. लादी, ओटा, दारे-खिडक्या यांसाठी साबणाचे पाणी, घासणी आणि कोरडे फडके पुरेसे असते. जंतुनाशकाची खरी गरज शौचालयात किंवा आजारी व्यक्तीची उलटी, जुलाब पुसताना भासते. तेव्हाही आधी मळ धुवावा लागतो, कारण घाणीच्या थराखाली जंतुनाशक नीट पोहोचत नाही. लावल्यावर लगेच पुसून टाकल्यासही त्याचा उपयोग होत नाही. बाटलीवर सांगितलेला वेळ ते पृष्ठभागावर राहू द्यावे लागते.

सर्वांत मोठा धोका असतो तो दोन रसायने एकत्र करण्यात. शौचालय धुण्याच्या अनेक द्रावणांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते, तर ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराईट. ही दोन्ही एकाच भांड्यात पडली की क्लोरीन हा विषारी वायू बाहेर पडतो. ब्लीच आणि अमोनियायुक्त काचसफाईचे द्रावण एकत्र आल्यास क्लोरामाईन हे तितकेच घातक वायू तयार होतात. न्हाणीघरासारख्या लहान, बंद जागेत ते फुफ्फुसांना गंभीर इजा करू शकतात. डोळे चुरचुरू लागले, खोकला सुरू झाला, तर काम तेथेच टाकून मोकळ्या हवेत यावे. श्वास घेणे जड जात असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पावसाळ्यातील बुरशीबाबतही असाच गैरसमज आढळतो. बुरशीचे मूळ कारण ओल हे आहे. गळके कौल, तुंबलेली पन्हळ किंवा भिंतीत झिरपणारे पाणी तसेच राहिले, तर कितीही ब्लीच लावले तरी काळे डाग काही दिवसांत परततात. शिवाय मेलेल्या बुरशीचे कणही ॲलर्जी वाढवतात. बुरशी कोरडी खरवडू नये, तिचे बीजकण घरभर उडतात. नाक-तोंड झाकून, साबणाच्या ओल्या फडक्याने ती पुसावी आणि जागा पूर्ण वाळवावी. कपाटे भिंतीपासून चार बोटे दूर सरकवून उघडीप मिळताच खिडक्या उघडल्या, तर बरेच काम हवाच करते.

कपाटातील डांबरगोळ्यांकडेही लक्ष द्यायला हवे. अनेक डांबरगोळ्यांत नॅप्थलीन असते. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाला अशा कपड्यांत गुंडाळल्यास त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. बाळंतविड्याचे कपडे म्हणूनच डांबरगोळ्यांविना, धुऊन आणि उन्हात वाळवून ठेवावेत.

मात्र घरगुती ते सारे निर्धोक आणि गुणकारी, असेही मानू नये. चिंच किंवा आमसुलाने पितळ, तांबे लखलखते, कारण त्यातील आम्ल धातूवरचा काळपट थर विरघळवते. असे आम्ल, जसे लिंबू किंवा व्हिनेगर, संगमरवरावर पडले तर त्याची झिलई जाते. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केल्यावर फेस भरपूर येतो, पण दोघेही एकमेकांचा प्रभाव संपवतात. सोडा नुसता, ओलसर करून घासण्यास वापरावा. व्हिनेगर ब्लीचमध्ये तर कधीच मिसळू नये, त्यातूनही क्लोरीन सुटतो.

गोव्यातील असंख्य घरांचे सांडपाणी सेप्टिक टाकीत जाते. तेथील मैला कुजवण्याचे काम जिवाणू करतात. मोरीत रोज ओतलेले जंतुनाशक त्यांनाही मारते. मग न कुजलेला मैला टाकीतून पुढे जाऊन जमिनीत मुरू लागतो. जवळ विहीर असेल, तर हा प्रश्न पिण्याच्या पाण्यापर्यंत येतो.

शेवटी साठवणुकीचा मुद्दा. सुटे ॲसिड किंवा फिनाईल शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय मुलांच्या जिवावर बेतू शकते. रसायन मूळ बाटलीतच, उंचावर, कुलपात ठेवावे. कोणी ते प्यायलेच, तर उलटी करवू नये. बाटलीसह तातडीने रुग्णालय गाठावे. डोळ्यांत उडाल्यास किमान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळे धूत राहून डॉक्टरांकडे जावे.

चतुर्थीच्या खरेदीच्या यादीत साबण, काथ्या, सोडा आणि शौचालयासाठी एकच द्रावण एवढे पुरेसे आहे. बाकीचे काम पाणी, हातांचे श्रम आणि उघड्या खिडक्या करतात. स्वच्छ घराला खरे तर कसलाच वास येत नाही.