खाते क्रमांक लपवून पैसे वाचत नाहीत

घराचा विमा उतरवणारे आपल्याकडे मुळात थोडे, आणि त्यातही क्लेम करण्याची वेळ फारच थोड्यांवर येते. त्यामुळे पुराचे पाणी ओसरल्यावर किंवा शॉर्टसर्किटने स्वयंपाकघर जळाल्यावर कंपनीने बँकेचा तपशील मागितला, की माणूस बिचकतो. ‘खाते नंबर कुणालाही देऊ नका’ हे इतक्यांदा कानावर पडलेले असते की खरा फॉर्मसुद्धा सापळा वाटू लागतो. ही सावधगिरी चुकीच्या जागी खर्च होते. खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड आपण दिलेल्या प्रत्येक चेकवर छापलेला असतो. घरमालकाकडे, दुकानदाराकडे, सोसायटीच्या खजिनदाराकडे तो कधीच पोहोचलेला असतो. तेवढ्यावर खात्यात पैसे भरता येतात, काढता येत नाहीत. काढायला सही, पिन, पासवर्ड, ओटीपी, कार्डाचा तपशील किंवा बोटाचा ठसा यांपैकी काहीतरी लागतेच. मग खाते क्रमांकाच्या बाबतीत काळजी करण्यासारखे काहीच नाही का? आहे, पण ती वेगळी आहे. तो गुप्त राहिला की नाही यापेक्षा तो बरोबर गेला की नाही आणि योग्य माणसाकडे गेला की नाही, हे महत्त्वाचे.

‘आकडा चुकला तरी नाव जुळले नाही की बँक पैसे परत पाठवेल’ हा समज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात एनईएफटी आणि आरटीजीएसने आलेली रक्कम केवळ खाते क्रमांक पाहून जमा करता येते, हे रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१० मध्येच स्पष्ट केले होते. पैसे पाठवणाऱ्याला खातेदाराचे नाव आधी दिसावे अशी सोय बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यावी, असेही रिझर्व्ह बँकेने सांगितले. कित्येक कंपन्या आधी एक रुपया टाकून नाव पडताळतात. तरीही आकडा पुन्हा वाचण्याची जबाबदारी आपल्यावरून उतरत नाही. त्यातही जुन्या चेकबुकांचा घोळ असतो. देना आणि विजया बँक एप्रिल २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या. वर्षभराने सिंडिकेट कॅनरात, तर आंध्र आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत विलीन झाल्या. त्या काळचे कोड बदलले, पण चेकबुके अजून कपाटात पडून असतात. छोट्या सहकारी बँकेत खाते असेल तर आयएफएससीची पहिली चार अक्षरे भलत्याच मोठ्या बँकेची दिसू शकतात. ती चूक नसते. त्या बँकेचे व्यवहार मोठ्या बँकेमार्फत होतात, इतकेच. पतसंस्थेतले खाते मात्र इथे सहसा चालत नाही. आणि पॉलिसी वडिलांच्या नावावर, खाते मुलाचे, असा प्रकार असेल तर क्लेम तिथेच अडतो.

कंपनी एनईएफटीचा फॉर्म आणि सोबत कॅन्सल्ड चेक मागते, तेव्हा ‘सही असल्याशिवाय चेक चालणार नाही’ असे सांगणारे भेटतात. खाते कोणाचे आणि कुठले, एवढेच त्या चेकवरून पाहायचे असते. त्यासाठी सही लागत नाही, आणि सही केलेला कोरा चेक ही तर सरळसरळ जोखीम. समोरच्याने पुढे केलेले पेन घेऊ नका. पुसता येणाऱ्या शाईने ‘रद्द’ लिहवून घेऊन मागाहून तोच चेक वटवल्याचे प्रकार पोलिसांच्या तपासात उघड झाले आहेत. आपल्या पेनाने दोन तिरप्या रेघा ओढाव्यात, मधे ‘कॅन्सल्ड’ लिहावे, आणि रेघ खाते क्रमांकावरून, कोडवरून किंवा खालच्या पट्टीतल्या नऊ आकडी एमआयसीआरवरून जाऊ देऊ नये. मुंबईच्या शाखेचा हा क्रमांक ४०० ने, पुण्याचा ४११ ने सुरू होतो. जुलै २०२१ मध्ये चिपळुणात झाले तसे घरात पाणी शिरून चेकबुकाचा लगदा झाला असेल, तर शाखेतून पासबुकाचे पहिले पान नव्याने छापून घेता येते. आधारची प्रत मागितलीच, तर शेवटचे चारच आकडे दिसणारे ‘मास्क्ड’ आधार देता येते का, ते आधी विचारावे.

खरा धोका पुढे, फोनवर असतो. ‘क्लेम मंजूर झालाय, रक्कम घेण्यासाठी पिन टाका’ असे कोणी म्हणाले की विषय संपला: यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी कधीच नाही. ‘क्लेम सोडवायला आधी शुल्क भरा’ हेही तसेच. पॉलिसीत ग्राहकाने सोसायचा काही हिस्सा असेल तर तो मिळणाऱ्या रकमेतून वजा होतो, आणि सर्व्हेअरची फी कंपनी देते. इर्डाई ही तर नियामक संस्था. ती पॉलिसी विकत नाही, बोनसही वाटत नाही, त्यामुळे तिच्या नावाने आलेला असा फोन खोटाच. यावर कोणी म्हणेल, कंपनीच्या ॲपवरही ओटीपी येतोच की! येतो, आणि म्हणूनच ‘ओटीपी म्हणजे फसवणूक’ हा नियम फार ढोबळ आहे. आपण स्वतः उघडलेल्या ॲपवर, संदेश पूर्ण वाचून, आपल्या हाताने टाकलेला ओटीपी वेगळा. फोनवर वाचून दाखवलेला वेगळा. तो संदेश कोणाकडून आला आणि कशासाठी, हे त्यातच लिहिलेले असते, पण घाईत आपण फक्त आकडे वाचतो. व्हॉट्सॲपवर आलेली ‘क्लेम फॉर्म’ नावाची एपीके फाइल, किंवा ‘मदतीसाठी’ स्क्रीन दाखवायला लावणारे ॲप, यांना हात लावू नये. कंपनीचा नंबर पॉलिसीच्या कागदावरून घ्यावा, गुगलवर शोधून नव्हे.

‘आमचा एजंट घरचाच आहे, तो सगळे भरेल,’ हा आक्षेप नेहमीचा. एजंटाने मदत करावी, त्यात गैर काही नाही. पण कोऱ्या फॉर्मवर सही करून तो त्याच्या हाती देणे म्हणजे खाते क्रमांक कोणता लिहायचा हे त्याच्यावर सोपवणे. रकाने भरून झाल्यावरच सही, आणि फॉर्मचा फोटो आपल्याजवळ. घरावर कर्ज असेल आणि पॉलिसीत बँकेचे नाव असेल, तर घराच्या नुकसानीची रक्कम आधी त्या बँकेकडे जाऊ शकते. तेव्हा पैसे आपल्या खात्यात दिसले नाहीत म्हणून लगेच फसवणूक झाली असे समजू नये. पॉलिसीतली ती अट वाचावी.

इतके करूनही पैसे गेलेच, तर ‘पिन मीच सांगितला, आता तक्रार करून काय उपयोग’ म्हणून गप्प बसणे हा शेवटचा, आणि सर्वांत महाग, गैरसमज. आधी बँकेला कळवा, मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान त्याने बँकेला कळवेपर्यंतच त्याच्या माथी असते. कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेला सोसावे लागते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांनाही हा नियम लागू झाला. म्हणून तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा.