कापडाच्या दुकानातून पार्लमेंटात

दुकानदाराने राजकारणापासून चार हात लांब राहावे, असे आमचे वडीलधारे सांगत. गिऱ्हाईक सगळ्याच पक्षांचे असते, हे त्यामागचे कारण. पण कर आणि कामगार कायदे ठरवणाऱ्या सभागृहात धंदा जाणणारा माणूस नसेल, तर आपले गाऱ्हाणे समजणार कोणाला? म्हणून ब्रिटनचे माजी खासदार साजिद जाविद यांची हकीकत व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवत आहोत.

वडील अब्दुल गनी १९६१ साली पाकिस्तानातून इंग्लंडला पोहोचले तेव्हा खिशात एक पौंड होता, असे साजिद सांगतात. रॉचडेलच्या कापड गिरणीत त्यांनी काम केले, मग बस चालवली. रात्रंदिवस राबतात म्हणून त्यांना 'मिस्टर नाइट अँड डे' हे नाव पडले. पुढे ब्रिस्टलमध्ये स्टेपलटन रोडवर कपड्यांचे दुकान टाकले. कुटुंब दुकानावरच्या लहान घरात राही. मुलगे पाच. आईला इंग्रजी येत नसे, म्हणून सहा-सात वर्षांचा साजिद डॉक्टरकडे तिचा दुभाष्या होई. उर्दू शाळेत शिकून पुढे कचेऱ्यांत दुसऱ्यांकडून अर्ज लिहून घेणाऱ्या आम्हांला ही गोष्ट परकी वाटत नाही.

हाच मुलगा अर्थशास्त्र शिकून चेस मॅनहॅटन बँकेत २५व्या वर्षी व्हाइस प्रेसिडेंट झाला. २००० साली तो डॉइश बँकेत गेला आणि २००९ मध्ये नोकरी सोडून २०१० साली ब्रॉम्सग्रोव्हचा खासदार झाला. त्या वेळी खासदाराचा पगार वर्षाला ६५,७३८ पौंड होता. बँकेतल्या कमाईपुढे ही रक्कम थोडीच.

आपण धर्माचे आचरण करीत नाही, हे जाविद यांनी उघड सांगितले आहे. त्यामुळे त्यांना मिल्लतचा प्रतिनिधी म्हणून मिरवण्यात अर्थ नाही. आम्ही पाहतो ते त्यांच्यातल्या धंदेवाल्याकडे.

मार्च २०१६ मध्ये टाटा स्टीलने ब्रिटनमधला कारभार विकण्याचे ठरवले. एकट्या पोर्ट टॅलबॉटमध्ये सुमारे ४,००० नोकऱ्या पणाला लागल्या. व्यापारमंत्री जाविद तेव्हा ऑस्ट्रेलियात होते, म्हणून टीका झाली. दौरा आटोपता घेऊन ते परतले आणि एप्रिलमध्ये मुंबईत येऊन टाटांचे अध्यक्ष सायरस मिस्त्री यांना भेटले. विक्री टळली, पण २०२४ मध्ये तिथल्या झोतभट्ट्या बंद झाल्याच. बाजारापुढे मंत्र्याचेही सगळे चालत नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच २०१६ साली त्यांच्या खात्याने कामगार संघटनांचा कायदा आणला. संपाच्या मतदानात निम्म्या सभासदांचा सहभाग सक्तीचा झाला, आणि वाहतुकीसारख्या महत्त्वाच्या सेवांत एकूण सभासदांपैकी ४० टक्क्यांचा होकारही. बसचालकाच्या मुलाने बसचालकांचा संप अवघड केला, असे कामगारांना वाटले तर नवल नाही.

जुलै २०१९ मध्ये ते अर्थमंत्री झाले. फेब्रुवारी २०२० मध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी त्यांचे सगळे सल्लागार काढून टाकायला सांगितले. जाविद यांनी राजीनामा दिला. एकही अर्थसंकल्प त्यांच्या हातून मांडला गेला नाही. आपले मुनीम दुसऱ्यानेच नेमायचे, तर गादीवर बसायचे कशाला? ही गोष्ट कोणताही पेढीवाला समजेल.

त्यानंतर खासदार असतानाच ऑगस्ट २०२०मध्ये त्यांनी जे. पी. मॉर्गन बँकेचे सल्लागारपद घेतले, आणि २०२१ मध्ये आरोग्यमंत्री होताना सोडले. तिथे खासदाराची बाहेरची कमाई जाहीर नोंदवहीत लिहावी लागते. मतदार ती उघडून पाहू शकतो.

२०२४ मध्ये त्यांनी निवडणूक लढवली नाही. आमचे म्हणणे एवढेच : धंद्यातला माणूस सभागृहात जरूर जावा. पण तो कोणाच्या बाजूने बोलतो आणि पैसा कोणाकडून घेतो, हे दोन्ही आपण विचारले पाहिजे. दुकानात आपण गिऱ्हाइकाला चोख हिशेब देतो. मत देताना तसाच हिशेब मागायला लाजू नये.