तलावाची रोवणी

मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. नागपूर विभागातल्या नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पाच जिल्ह्यांत असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. नागपूरहून पूर्वेला निघाले की कापसाची काळी जमीन हळूहळू मागे पडते. मौदा-रामटेकच्या बाजूला धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली खाचरे, दिसू लागतात आणि बांध्यांबरोबर तलावही सुरू होतात. धान आणि तलाव ही जोडी इथे कित्येक शतकांची आहे. हे तलाव अनेकांच्या हातांनी उभे राहिले, ते हात सुटले तेव्हा ढासळले. गोंदिया जिल्ह्यात त्यांतले काही पुन्हा जिवंत झाले तेही अनेकांचे हात एकत्र आले म्हणूनच.

पूर्व विदर्भात पाऊस चांगला पडतो, वर्षाला साधारण १२०० ते १४०० मिलिमीटर. पण तो चार महिन्यांत आणि खंड देत पडतो. जुलैत पऱ्ह्यांची, म्हणजे रोपांची, रोवणी झाली की धानाच्या मुळाशी पाणी उभे राहावे लागते. सप्टेंबरअखेर पाऊस ओसरतो, नेमके तेव्हाच भारी धान निसवायला लागलेले असते. लोंबी भरण्याच्या त्या दोन-तीन आठवड्यांत एक-दोन पाणी मिळाले तर घरात धान येते, नाही मिळाले तर तणस. या एक-दोन पाण्यासाठीच तलाव बांधले गेले.

तलावाची रचना साधी, पण विचारपूर्वक केलेली असते. दोन-तीन बाजूंनी जमिनीचा चढ आणि उताराच्या बाजूला मातीची पाळ. पाळीच्या पोटात पाणी सोडण्याचे दार असते, त्याला तुडूम म्हणतात. जादा पाणी वाहून जायला कडेला सांडवा. तुडुमातून निघालेले पाणी नहराने पहिल्या बांधीत येते आणि तिथून एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरत जाते. वरच्या तलावाच्या सांडव्याचे पाणी वाया जात नाही. खाली एखादी बोडी, म्हणजे लहान तळे असते, ती त्या पाण्यावर भरते. एका गावाचे उरलेले पाणी खालच्या गावाचे पहिले पाणी ठरते.

यांतले बरेच तलाव कोहळी समाजाने बांधले. चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला त्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन देण्याची पद्धत ठेवली होती. त्यामुळे पाळीसाठी घाम गाळणे हा शेती वाढवण्याचा रास्त मार्ग ठरला. गोंदिया जिल्ह्यातला नवेगावबांधचा प्रचंड तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांच्या मधल्या फटी पाळींनी बुजवून तयार केला. त्यांना पुढे लोकांनी देवपण दिले, कोलासूर देव म्हणून आजही त्यांची पूजा होते. ज्याने पाणी अडवले त्याला देव मानणारा हा प्रदेश आहे.

१८५४ मध्ये नागपूरचे भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि पुढे मालगुजारांना, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्यांना, गावांची मालकी दिली. तलावही मालगुजारांच्या नावावर गेले. तरीही वहिवाट गावाचीच राहिली. पाणी कोणाच्या बांधीला आधी, गुरे कुठे उतरायची, मासे कोणी धरायचे, गाळ कोणी न्यायचा हे गावाच्या रिवाजाने ठरत असे आणि वाजिब-उल-अर्ज या दस्तऐवजात त्याची नोंद होत असे. पाणी वाटायला पानकर नेमलेला असे. पावसाळ्याआधी पाळीवर माती टाकायला गावातली माणसे जात. या व्यवस्थेत अन्यायही होता. मालगुजाराचा शब्द सगळ्यांवर चाले आणि खालच्या मानलेल्या जातींचे श्रम गृहीत धरले जात. पण तलावाकडे रोज पाहणारे कोणीतरी होते, हेही खरे.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी रद्द झाली आणि १९५१ मध्ये तलाव सरकारकडे आले. मालकी बदलणे योग्यच होते. मात्र मालकीबरोबर देखभालीची रीत कोणाकडे जाणार, हे ठरलेच नाही. लहान तलाव पुढे जिल्हा परिषदांकडे गेले, मोठे राज्याच्या सिंचन खात्याकडे, मासेमारीचे ठेके मत्स्य सहकारी संस्थांकडे. पाळ एकाची, पाणी दुसऱ्याचे आणि मासा तिसऱ्याचा, अशी वाटणी झाली. पाळी खचल्या, तुडुमे गळू लागली, पोटात गाळ साचला, कडेच्या गाळपेरावर अतिक्रमणे झाली.

दुसरा घाव पाण्याच्या आत बसला आणि तो मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाने सोसला. ढिवरांपैकी बहुतेकांकडे जमीन नाही. तलाव हेच त्यांचे शेत. उत्पादन वाढावे म्हणून तलावांत रोहू, कतला, मृगळ यांचे बीज सोडले जाऊ लागले. पुढे गवत्या आणि सायप्रिनस हे बाहेरचे मासेही आले. गवत्या पाण्यातली वनस्पती फस्त करतो, सायप्रिनस तळ उकरतो. कडेने बेशरम हे झुडूप पसरले. धानावरच्या फवारणीचे अंश पावसाबरोबर तलावात उतरू लागले. मरळ, शिंगी आणि लहानसहान स्थानिक मासे जाळ्यात येईनासे झाले. हे लहान मासेच घरच्या जेवणात असत, मोठा मासा बाजारात जाई. त्यामुळे घट आधी ढिवरांच्या ताटात दिसली.

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात यावर जे काम उभे राहिले, त्यात मनीष राजनकर यांचा आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचा मोठा वाटा आहे. कामाची सुरुवात यादीपासून झाली. तलावात पूर्वी कोणते मासे होते, कोणता मासा काय खातो, कुठे अंडी घालतो, कोणत्या वनस्पतीच्या आडोशाला पिल्ले राहतात, हे म्हाताऱ्या ढिवरांना तोंडपाठ होते. ते कुठेच लिहिलेले नव्हते. अभ्यासकांनी ते टिपून घेतले, वनस्पतींची शास्त्रीय नावे शोधली, चालू तलावांतली स्थिती त्याच्याशी ताडून पाहिली. त्यातून दिसले की मासा गेला, कारण त्याचे घर गेले. पाण्याखालचे गवत नसेल तर बीज कितीही सोडले तरी स्थानिक मासा टिकणार नाही. मग गवत लावायचे ठरले. तलाव शेतासारखा नांगरून त्यात रोवणी करायची, ही कल्पना या प्रदेशात नवी होती. तिच्यासाठी लागणारे प्रत्येक कसब मात्र धानाच्या बांधीत आधीपासून होते.

या कामाचे वर्ष उन्हाळ्यात सुरू होते. एप्रिल-मेमध्ये पाणी मागे सरते आणि कडेचा तळ उघडा पडतो. पहिले काम बेशरम काढण्याचे. तिची फांदी ओल्या मातीत पडली तरी पुन्हा मूळ धरते, म्हणून नुसती कापून भागत नाही. कुदळीने बुडखा मोकळा करायचा, मुळासकट ओढायचा, पाळीच्या बाहेर नेऊन उन्हात वाळवायचा आणि जाळायचा. हे काम मुख्यतः बायका करतात. डोक्याला फडके, हातात विळा, आणि तापलेल्या गाळात घोट्यापर्यंत पाय, असे दिवसचे दिवस चालते. काही गावांत ते रोजगार हमीतून झाले, काही ठिकाणी बचत गटांनी आणि मत्स्य संस्थांच्या सभासदांनी मिळून केले.

दुसरे काम नांगरटीचे. वर्षानुवर्षे गुरांच्या पायांनी आणि उन्हाने तळ कठीण झालेला असतो. अशा मातीत मूळ शिरत नाही. मृगाच्या आधी निवडलेल्या पट्ट्यात नांगर किंवा ट्रॅक्टर फिरवून ढेकळे मोकळी करतात. पहिल्या पावसाने तिथे चिखल होतो, तोच रोवणीचा वाफा.

तिसरे काम रोपे आणण्याचे. ज्या तलावात अजून वनस्पती शिल्लक आहेत तिथून त्या आणायच्या. हायड्रिला, वॅलिस्नेरिया, सेराटोफायलम या बुडून राहणाऱ्या वनस्पती, पानांनी तरंगणाऱ्या काही वनस्पती आणि उथळ कडेसाठी देवधान, म्हणजे रानटी भात. उपटलेल्या वनस्पतीला ऊन लागता कामा नये. ओल्या पोत्यात किंवा पाणी भरलेल्या घमेल्यात ठेवून ती त्याच दिवशी नव्या तलावात न्यावी लागते. वनस्पतींबरोबर त्यांना चिकटलेली गोगलगायीची अंडी आणि बारीक किडेही येतात. तेही हवेच असतात, कारण माशांच्या पिल्लांचे ते अन्न.

मग प्रत्यक्ष रोवणी. गुडघाभर पाण्यात बायकांची रांग वाकते. डाव्या हातात जुडी, उजव्या हाताची बोटे चिखलात. वॅलिस्नेरियाचे रोप धानाच्या पऱ्ह्यासारखेच अंगठ्याने दाबून बसवतात. हायड्रिलाच्या कांड्यांना पेरापेरातून मुळे फुटतात, त्यामुळे जुडीच्या बुडाशी चिखलाचा गोळा लिंपून ती पाण्यात सोडली तरी तळाशी बसते आणि लागते. सेराटोफायलमला मुळेच नसतात, ते पाण्यात मोकळे सोडले तरी वाढते. देवधान अगदी काठाला, जिथे पाणी आधी हटते तिथे. कोणती वनस्पती किती खोलीवर, हे ठरवताना पुस्तकापेक्षा जुन्या ढिवरांची आठवण कामी येते. रोवणी संपूर्ण तलावभर करत नाहीत. निवडलेल्या पट्ट्यांत रोपे लागली की पुढे ती आपणच पसरतात.

रोवणी एका हंगामाची, राखण कायमची. त्यासाठी मत्स्य संस्थांच्या सभासदांनी आपले नियम बांधले. गवत्या आणि सायप्रिनस सोडायचे नाहीत. लागवडीच्या पट्ट्यात जाळे ओढायचे नाही. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला ओढ्याने वर आणि बांध्यांत चढतात, त्या दिवसांत त्यांना धरायचे नाही. हा शेवटचा नियम सर्वांत कठीण, कारण चढणीचा मासा हाताने धरता येतो आणि तो अंड्यांनी भरलेला असतो. तो सोडून देणे म्हणजे आजच्या जेवणातला घास पुढच्या वर्षासाठी राखणे. नियम करताना ज्यांनी हात वर केला, तेच रात्री काठावर राखण करतात, म्हणून हा नियम पाळला जातो.

या कामाने ढिवर बायकांची जागाही बदलली. मासे विकणे, जाळी नीट करणे, सुकट वाळवणे ही कामे त्या पूर्वीपासून करत होत्या, पण संस्थेच्या कारभारात त्यांचे नाव नसे. रोवणीचे ज्ञान त्यांच्या हातात असल्याने तलावाच्या बैठकीत त्यांना बोलावणे भाग पडले. बैठकीत आलेल्या बायका पुढे ग्रामसभेत बोलू लागल्या. तलावाची मागणी तिथे रेशन, मजुरी आणि दारूच्या प्रश्नांसोबत मांडली गेली.

शेतकरी आणि ढिवर यांच्या गरजा एकमेकांशी भिडतात. शेतकऱ्याला पाणी बांधीत हवे, ढिवराला तलावात. हा ताण नियमांनी संपत नाही, पण दोघे एकत्र बसले तर सांभाळता येतो. मासे तगण्यापुरते पाणी तळाशी राखायचे, त्यावरचे पाणी धानाला द्यायचे, एवढे ठरले तरी भांडण निवते. गाळाच्या बाबतीत तर दोघांचा लाभ एकच. राज्य सरकारच्या २०१७ मधल्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेमागे हाच हिशोब आहे. गाळ शेतात गेला की जमीन कसदार होते आणि तलाव खोल होतो. फक्त गाळ काढताना जेसीबीने सगळा तळ खरवडला तर काठच्या उथळ जागा आणि वनस्पतींची मुळे जातात. कुठे खोदायचे आणि काय सोडायचे, हे यंत्र चालवणाऱ्याला ढिवराने दाखवावे लागते.

या तलावांवर माणसांखेरीज इतरही जगतात. महाराष्ट्रातले सारस पक्षी मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात उरले आहेत. ते बांध्यांत आणि तलावाच्या उथळ काठाला घरटी करतात. गोंदियाची 'सेवा' ही संस्था, वन विभाग आणि शेतकरी मिळून दरवर्षी त्यांची गणना करतात. घरट्याभोवतीचा धान न कापता सोडणारे शेतकरी इथे आहेत. सारसांच्या घटत्या संख्येची मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतली. ज्या वनस्पती माशाला आडोसा देतात, त्यांचे कंद आणि त्यांवरचे किडे पक्ष्यांना पोसतात. माशासाठी केलेली रोवणी सारसापर्यंत पोहोचते.

सामायिक साधन लोकांच्या हाती दिले की त्याची नासाडी होते, असा समज बराच काळ होता. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी नेपाळमधले कालवे, स्पेनमधली पाणीवाटप मंडळे अशा अनेक उदाहरणांवरून तो चुकीचा ठरवला. त्यासाठी त्यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. वापरणाऱ्यांनीच नियम करावेत, राखण त्यांनीच करावी आणि वरच्या सत्तेने त्यांचा हा अधिकार मान्य करावा, अशा काही अटी पाळल्या तर सामायिक साधने पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, हे त्यांनी दाखवले. तमिळनाडूत तलावांच्या अशाच सामूहिक देखभालीला 'कुडिमरामत्तु' असा जुना शब्द आहे. अर्जुनी-मोरगावच्या संस्थांनी स्वतःच्या अनुभवातून हीच वाट धरली.

ऑस्ट्रॉम यांच्या अटींतली शेवटची, वरच्या सत्तेच्या मान्यतेची अट पूर्ण होणे अजून बाकी आहे. ठेक्याची मुदत ठरावीक असते, तर वनस्पती रुजून मासा परतायला काही वर्षे लागतात. ठेका दुसऱ्याकडे गेला तर रोवणाऱ्याचे श्रम वाया जातात. पाळ, पाणी आणि मासा यांचा विचार एकाच टेबलावर होत नाही, तोपर्यंत प्रत्येक दुरुस्ती अर्धीच राहील. अतिवृष्टीत पाळ फुटली की लागवडही वाहून जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

तरीही हे काम एका तलावावरून दुसऱ्या तलावावर जाऊ शकते, कारण त्याला लागणारी साधने गावातच आहेत: विळा, कुदळ, नांगर, जुन्यांची आठवण आणि वाकून रोवणारे हात. विकत आणावे लागते असे त्यात फारच थोडे. धानाच्या शेतात एका कोपऱ्यात पऱ्हे टाकतात आणि त्यातून सगळी बांधी रोवतात. रुजलेला तलाव शेजारच्या गावांसाठी तसाच पऱ्ह्यांचा कोपरा होतो. पुढच्या पावसाळ्यात तिथूनच ओली पोती भरून दुसऱ्या तलावाकडे निघतात.