अर्थसंकल्प मुंबईत, फळा आपल्या गावात

मार्च महिन्यात मुंबईला विधिमंडळात राज्याचा अर्थसंकल्प मांडला जातो. आपल्या घरी त्याची चर्चा होते ती काय महागले, काय स्वस्त झाले एवढ्यापुरतीच. पण आपली मुले जिल्हा परिषदेच्या ज्या शाळेत शिकतात, तिचे वर्षही त्याच कागदांवर ठरत असते.

जिल्हा परिषदेचे स्वतःचे उत्पन्न तुटपुंजे. शिक्षकांचे पगार राज्याच्या अनुदानातून होतात. खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, पिण्याचे पाणी यांसाठी समग्र शिक्षा योजनेतून अनुदान येते. त्यात केंद्राचा वाटा 60 टक्के, राज्याचा 40. राज्याने आपला वाटा थकवला, तर केंद्राचा पुढचा हप्ताही अडतो. शाळेला दोन्हीकडून फटका!

हे अनुदान पटावर अवलंबून असते. 2018 च्या निकषांप्रमाणे 101 मुले असतील तर 50 हजार रुपये. पट 100 वर आला की 25 हजार. मूल एक कमी झाले, रक्कम निम्मी झाली. छप्पर मात्र तेवढेच गळते.

हिशेबाच्या कामात आम्ही एक गोष्ट शिकलो. तरतूद म्हणजे हातात आलेला पैसा नव्हे. कागदावर मंजूर झालेली रक्कम मार्चअखेरीस पोहोचली, तर खर्चायला दिवस उरत नाहीत आणि जूनमधली मुलांची गरज तशीच राहते.

मग आपण काय करावे? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. निम्म्या सदस्य महिला असल्या पाहिजेत. आलेल्या अनुदानाच्या खर्चावर देखरेख ठेवणे हे या समितीचे कामच आहे. आपल्या माता-भगिनींनी तिथे नुसती सही करून येऊ नये. किती मंजूर झाले, किती आले, कधी आले, कशावर खर्चले, हे चार प्रश्न विचारावेत.

बाबासाहेबांचा प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ 1925 साली प्रसिद्ध झाला. 1927 साली मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणावर दरडोई अवघे 14 आणे खर्च होतात, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवले. अबकारी करातून लोकांकडून जेवढे घेता, तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची मागणी होती.

त्यांच्या प्रतिमेला आपण हार घालतो. आता शाळेचा हिशेबही मागू या. जय भीम!