फुलातलं पाणी, फुलातला रंग

तुमसर तालुक्यातल्या नाकाडोंगरीच्या जंगलात होळीच्या आगेमागे पळस फुलतो, आणि पळस ओसरेस्तोवर मोह गळायला लागतो. पाठोपाठ लग्नसराई. लग्नातला हार जपून ठेवावा असं प्रत्येकाला वाटतं, पण आठवडाभरात तो काळा पडतो. मोहाचं फूल मात्र याच गावांत वर्षभर टिकतं. कसं?

मोह रात्री उमलतो, पहाटे गळतो. खाली पडतो तो पाकळ्यांचा फिकट, गरदार पेला. त्यातला स्त्रीकेसर फांदीवरच राहतो आणि पुढे त्याचंच फळ होतं. वेचलेली फुलं लगेच अंगणात पसरली जातात. काही दिवसांच्या उन्हात ती मनुकांसारखी तांबूस, सुरकुतलेली होतात. पाणी उडून गेलेलं असतं, साखर इतकी दाट झालेली असते की बुरशीला जगण्यापुरती ओलही मिळत नाही. सगळी किमया या ‘लगेच’मध्ये आहे.

हाराचंही तेच, उशीर झाला की तो बिघडतो. तोडलेल्या फुलाच्या पेशी मरू लागल्या की आतले पडदे फाटतात आणि एरवी वेगळे राहणारे रस एकमेकांत मिसळतात. मोगऱ्यातली द्रव्यं हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून तपकिरी होतात. गुलाबाचा लाल रंग, अँथोसायनिन, पेशीतल्या आंबट पाण्यात विरघळलेला असतो. ते पाणी आटलं, आंबटपणा बदलला की लाल काळवंडतो. झेंडूचा पिवळा मात्र कॅरोटिनॉइड गटातला, पाण्यात न विरघळणारा, म्हणून वाळला तरी झेंडू झेंडूच दिसतो. आणि पळस! त्याची वाळकी फुलं पाण्यात उकळली की केशरी रंग पुन्हा उतरतो, होळीसाठी.

तेव्हा हार ठेवायचा तर त्याच रात्री सोडवा. टपोरा गुलाब डब्यात सिलिका जेलच्या दाण्यांत पूर्ण बुडवून झाकण घट्ट लावा. हे दाणे स्वतःच्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतकं पाणी शोषतात आणि चहूबाजूंनी आधार देतात, त्यामुळे आकार मोडत नाही. आठवड्याभरात फूल कागदासारखं वाजतं. चपट्या फुलांना रद्दीचा कागद आणि वजन पुरे, फक्त कागद रोज बदलायचा. मला हीच रीत अधिक आवडते. नंतर ऊन आणि दमट हवा टाळायची, कारण उजेडात कॅरोटिनॉइडही फिके पडतात.

कागदात दाबण्याची हीच पद्धत वनस्पतिशास्त्रज्ञ शतकानुशतकं वापरत आले आहेत. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पुण्यातलं केंद्र 1955 सालचं. तिथेही फांद्या-फुलं अशीच दाबून, वाळवून, जाड कागदावर चिकटवून ठेवतात. इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्या थडग्यातल्या हारांमधली फुलं तर तीन हजार वर्षांनंतरही कुठल्या जातीची ते ओळखता आलं. आणि शंभर वर्षांपूर्वी नीट वाळवलेल्या पाकळीतूनही आज त्या झाडाचा डीएनए काढता येतो.